कोरडवाहू रानांतील हरणांचा चारा

शेतकरी ज्या नक्षत्राची वर्षभर वाट पाहतो त्याचें नांव मृग, आणि त्या नक्षत्रावर पेरलेलें उगवतांच जो खाऊन टाकतो त्या प्राण्याचें नांवही मृगच. शब्दांचा हा योगायोग श्रोत्यांस मौजेचा वाटेल. बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्याच्या शेतकऱ्यांस तो तसा वाटत नाहीं. जूनमध्यें पाऊस होतो, कापूस, सोयाबीन, मूग, तूर यांचें बियाणें जमिनींत जातें, आठवड्याभरांत दोन पानांवर आलेलीं रोपें ओळींनीं दिसूं लागतात, आणि एके पहाटे पाहावें तों ओळींच्या ओळी खुडलेल्या. ओल्या मातींत टोकदार खुरांचे ठसे तेवढे उमटलेले असतात. शेतकरी पुन्हा बियाणें विकत आणतो. दुबार पेरणी हा शब्द वर्तमानपत्रांमुळें शहरांतही परिचित झाला आहे. परंतु ती जशी पावसानें ओढ दिल्यामुळें करावी लागते तशीच हरणांच्या कळपामुळेंही करावी लागते, हें शहरांत फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

या संकटावर एक उपाय अधूनमधून सुचविला जातो. हरणें पिकांत शिरतात तीं भुकेनें शिरतात. तेव्हां त्यांच्यासाठीं पडीक जमिनीवर चाऱ्याचा स्वतंत्र तुकडा पेरावा, म्हणजे तीं तेथेंच रमतील व शेत वांचेल. उपाय ऐकावयास गोड आहे. तो कोरड्या मुलखांत कितपत खरा ठरतो, आणि खरा ठरावयाचा असेल तर पेरावें काय, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम हरीण कोणतें तें पाहिलें पाहिजे. गोदाकाठचा शेतकरी ज्याला हरीण म्हणतो तो बहुतेक ठिकाणीं काळवीट होय. शास्त्रीय दृष्ट्या तें हरीण नव्हेच. चितळ-सांबरांचीं शिंगें भरीव असतात व दर वर्षीं गळून पुन्हा येतात. काळविटाचीं शिंगें पोकळ, पिळदार आणि जन्मभर टिकणारीं असून कुळानें तो गाय-शेळीचा आप्त आहे. नराचा रंग वयाबरोबर काळा होत जातो, मादी पिंगट राहते आणि तिला बहुधा शिंगें नसतात. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन 35 ते 40 किलोच्या आसपास भरतें. ही माहिती केवळ शाळेंतील धड्यासाठीं नव्हे. काळविटाचे दोन स्वभाव या प्रश्नाच्या मुळाशीं आहेत. एक, तो मुख्यतः गवत खाणारा आहे, झाडपाला ओरबाडणारा नव्हे. दुसरा, त्याचें संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे; जेथें दूरवर दिसत नाहीं आणि पळावयास मोकळें रान नाहीं, तेथें तो थांबत नाहीं. म्हणून तो अरण्याचा नव्हे, माळाचा रहिवासी आहे.

आणि माळच आक्रसला आहे. माजलगांव तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. मंजरथ येथें सिंदफणा तिला मिळते. नदीकांठीं काळी कसदार जमीन, तर धारूर-वडवणीच्या अंगास बालाघाटाच्या पायथ्याची मुरमाड, उथळ जमीन. सिंदफणेवरील माजलगांव धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यांत बांधलें गेलें व 1987 मध्यें पुरें झालें. त्याचा साठा सुमारें 454 दशलक्ष घनमीटर आहे. पाण्यामागोमाग कालवे आले, कालव्यांमागोमाग ऊंस आला. पुरुषभर उंचीच्या उसांत काळविटास कांहींच दिसत नाहीं, म्हणून तें रान त्याला परकें झालें. पूर्वीं जेथें ज्वारी-बाजरी कापल्यावर महिनोन् महिने मोकळीं रानें पडत, तेथें आतां बाराही महिने हिरवी भिंत उभी असते. कळप सरकत सरकत कोरडवाहू पट्ट्यांत आले, आणि तेथें ज्याची जमीन थोडी व बियाणें उसनवारीचें, अशा शेतकऱ्याच्या पदरीं ते पडले. धरणाचा लाभ एकास आणि हरणाचा उपद्रव दुसऱ्यास, असा हा हिशेब आहे.

हरणांसाठीं चारा पेरण्याची चाल अमेरिकेंत, विशेषतः टेक्सास व दक्षिणेकडील राज्यांत, चांगलीच रुळलेली आहे. वसंतांत जमीन उबदार झाली कीं सोयाबीन, चवळी आणि लॅबलॅब पेरतात. लॅबलॅब म्हणजे दुसरें कांहीं नसून आपल्याकडचा वालच. नांव बदललें कीं भाव बदलतो. हीं पिकें उन्हाळाभर पाला देतात, त्यावर पांढऱ्या शेपटीचीं हरणें पुष्ट होतात, आणि शरद ऋतूंत पुष्कळ ठिकाणीं तोच जमीनमालक बंदूक घेऊन त्यांच्या शिकारीस निघतो. भारतांत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास पहिल्या अनुसूचींत घातलें असल्यामुळें तो हेतु येथें संभवत नाहीं. तो भाग सोडला, तरी अमेरिकेची कृति जशीच्या तशी उचलतां येत नाहीं, याचीं दोन कारणें आहेत. तेथील हरीण रुंद पानांचा पाला आवडीनें खातें, आपला काळवीट गवताचा भोक्ता. हें पहिलें कारण. दुसरें याहून मोठें आहे.

त्यांचा उबदार ऋतु हा वाढीचा ऋतु आहे. माजलगांवचा उबदार ऋतु हा उपासाचा ऋतु आहे. बीड जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरीनें साडेसहाशे ते सातशे मिलीमीटर, आणि त्यांतला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांतला. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कोरडवाहू जमिनींत पेरून कांहीं उगवत नाहीं. म्हणजे उन्हाळ्यांत पेरलेला चारा नव्हे, तर मृगांत लावलेला आणि वैशाखापर्यंत टिकलेला चारा हवा. पिकाची परीक्षा येथें आहे: तें किती जोमानें वाढतें यापेक्षां पाऊस गेल्यावर 8 महिन्यांनीं त्याचें काय उरतें, ही.

या कसोटीवर आपलीं ओळखीचीं पिकें एकेक लावून पाहावीं. ज्वारीचा विचार कोणाच्याही मनांत प्रथम येईल, कारण कडब्याइतका परिचित चारा दुसरा नाहीं. परंतु हरणांसाठीं ती मुळींच पेरूं नये. ज्वारीच्या कोवळ्या ताटांत एक द्रव्य असतें. जनावराच्या पोटांत गेल्यावर त्यापासून सायनाइड नांवाचें जहाल विष सुटतें. फुलोऱ्यास आलेल्या ज्वारींत त्याचें प्रमाण पुष्कळ उतरतें. पण पावसानें ताण दिला, ताट खुरटलें, किंवा कापलेल्या बुडख्यास नवे फुटवे आले कीं तें वाढतें. गुरांना किरळ लागली असें शेतकरी म्हणतो तें याच विषबाधेला. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटांत तें विष विशेष वेगानें मोकळें होतें, आणि काळवीट रवंथ करणाराच आहे. शेतकरी आपलीं गुरें कोवळ्या ज्वारींतून हांकून काढूं शकतो. हरणाला कोण हांकणार? अवर्षणाच्या वर्षीं, म्हणजे चाऱ्याची गरज सर्वांत अधिक असते तेव्हांच, हें पीक सर्वांत घातक होतें.

बाजरीला तो दोष नाहीं. हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर ती येते. मटकी व हुलगा जमिनीलगत पसरून ओल धरून ठेवतात, आणि चवळीचा पाला सकस असतो. बाजरीच्या दोन ओळींत मटकीची ओळ घातली तर मुरमाड रानांतही बरें साधतें. पेरणीची घाई मात्र करूं नये; निदान 75 ते 100 मिलीमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच बीं टांकावें, हा जो नियम मराठवाड्यांत शेतकऱ्याच्या पिकाला तोच हरणाच्या पिकाला. यांत आणखी एक अडचण आहे, आणि ती कागदावर योजना आखणारांस सहसा दिसत नाहीं. अर्ध्या एकराचा तुकडा 20-25 हरणांच्या कळपापुढें दोन रात्रीही टिकत नाहीं. कोंब वर येतांच तो साफ होतो आणि मुळें धरण्यापूर्वींच पीक मरतें. म्हणून तुकडा मोठा असावा, अथवा पहिले 6 आठवडे त्याभोंवतीं बोराटीचें कुंपण घालावें. अमेरिकेंतही सोयाबीनचे लहान तुकडे कोवळेपणीं कुंपणानें राखतात. आणि एवढें सर्व करून बाजरी-मटकी दिवाळीच्या सुमारास वाळते. माघानंतर तेथें उघडी जमीन उरते. पावसाळी वर्षांत जोडचारा म्हणून हीं पिकें ठीक आहेत. हरणांच्या उन्हाळ्याचा भार त्यांच्यावर टाकतां येत नाहीं.

तो भार वाहणारें पीक या मातींत फार पूर्वींपासून आहे, फक्त त्याला कोणी पीक म्हणत नाहीं. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनीं 1973 मध्यें भारतांतील गवताळ प्रदेशांची विभागणी प्रसिद्ध केली. तींत दक्षिण पठाराचा माळ ज्या दोन गवतांच्या वंशांवरून ओळखला आहे त्यांपैकीं एकांत आपला पवना व शेडा येतात आणि दुसऱ्यांत मारवेल. हीं बहुवर्षायु गवतें आहेत. पाऊस संपला कीं तीं वर वाळतात, पण बुडखा जिवंत राहतो, आणि वाळलेलें उभें गवत कोरड्या महिन्यांत जनावराच्या पोटाला आधार देतें. पुढें वळिवाची एखादी सर आली कीं चार-दोन दिवसांत त्याच बुडख्यांतून हिरवे कोंब निघतात. ही गोष्ट महत्त्वाची आहे. शेतांत पेरलेल्या बियाण्याला उगवून वर यावयास जेवढा वेळ लागतो त्याच्या आधींच माळावर कोवळें गवत तयार असतें. उन्हाळाभर अर्धपोटीं राहिलेल्या कळपाला पहिली हिरवळ माळावर मिळते कीं शेतांत मिळते, यावर त्या वर्षींच्या दुबार पेरणीचा पुष्कळसा निकाल अवलंबून असतो.

आज बहुतेक गांवांच्या माळावर हीं गवतें नाममात्र उरलीं आहेत. चराई बेसुमार झाली कीं गुरें आधीं गोड गवत संपवितात. पवना व मारवेल हटतात, कुसळी माजते, तीही सरली कीं जेमतेम वीतभर उंचीचीं, चव नसलेलीं बारीक गवतें येतात, आणि शेवटीं मुरूम उघडा पडतो. कुसळीचीं टोकदार कुसळें शेळ्यामेंढ्यांच्या तोंडांत रुततात हें धनगरांस विचारावें. हा उतार उलटा चढावयाचा तर गवत लावावें लागतें. मारवेल मुळ्यांसह ठोंबांनीं लावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें त्याचे निवडक वाण काढले आहेत, आणि झांशी येथें 1962 मध्यें स्थापन झालेली चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच विषयास वाहिलेली आहे. अतिशय कोरड्या जागीं अंजन गवत लावावें. त्याचें बियाणें हेक्टरीं 4-5 किलो पुरतें. गवताचें बीं हलकें व केसाळ असतें, वाऱ्यानें उडतें, म्हणून तें ओलसर मातींत मिसळून फेंकावें आणि वर मातीचा थर नखभरच द्यावा. यंदाचें ताजें बीं यंदाच पेरलें तर फारसें उगवत नाहीं. कांहीं महिने जुनें झालेलें बीं चांगलें उगवतें. गवतांत स्टायलो ही शेंगवर्गीय वनस्पति मिसळल्यास चाऱ्याचा कस वाढतो. उतारावर समतल चर काढून चरांच्या मातीवर पहिलें बीं टाकावें, कारण ओल तेथें अधिक दिवस राहते. पहिल्या वर्षीं चराई पूर्ण बंद ठेवावी लागते. हीच सर्वांत कठीण अट आहे, आणि ती शेतीच्या ज्ञानानें नव्हे तर गांवच्या एकमतानें पाळली जाते.

राखलेल्या गवतावर काळवीट जगतो याला उदाहरणें आहेत. सौराष्ट्रांतील वेळावदर हें भावनगरच्या महाराजांचें राखीव कुरण होतें. त्या राज्यकर्त्यांस हरणांविषयीं केवळ दयाबुद्धि होती असें नव्हे. गुरांसाठीं गवत हवें होतें आणि पाळीव चित्त्यांकरवीं काळविटांची शिकारही हवी होती. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांकडेही असे चित्ते असत. 1952 मध्यें चित्ता भारतांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, संस्थानें त्याआधींच विलीन झालीं होतीं, पण वेळावदरचें कुरण उरलें, त्याबरोबर काळवीट उरला, आणि 1976 मध्यें तेथें सुमारें 34 चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान झालें. महाराष्ट्रांत माजलगांवशीं अधिक साधर्म्य असलेलें ठिकाण म्हणजे कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हें काळवीट अभयारण्य 1980 मध्यें स्थापन झालें. त्याचें क्षेत्र अवघें 2.17 चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा तुकड्यांतही गवत राखल्यानें कळप टिकले. मात्र अभयारण्याची हद्द हरणांस ठाऊक नसते. आसपासच्या शेतांत तीं जातातच. चाऱ्याचा तुकडा केला म्हणजे पिकाची राखण संपली, असें कोणीं सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. उपद्रव कमी होईल, थांबणार नाहीं. कोवळा मूग गवताहून गोड लागतो, ही गोष्ट कोणत्याही योजनेनें बदलत नाहीं.

माळ म्हणजे ओसाड जमीन आणि ओसाड जमिनीवर झाडें लावावीं, ही समजूत या कामीं फार आड आली आहे. वृक्षारोपण पुण्यकर्म खरेंच, पण सर्व जागीं नव्हे. गिरिपुष्पाच्या दाट लागवडी माळांवर पुष्कळ झाल्या, कारण तें झाड गुरें सहसा खात नाहींत व तें जगतें. त्या दाटींत गवत दबतें, आणि काळवीट तेथून निघून जातो. माळावर तुरळक बाभूळ-बोर असावी. बाभळीच्या शेंगा व बोरें उन्हाळ्यांत हरणांच्या तोंडीं लागतात, सावलीही मिळते. याहून अधिक झाडें त्याला नकोत.

आतां जमिनीचा प्रश्न. हा माळ बहुतेक गांवीं गायरान म्हणून नोंदलेला असतो. मालकी शासनाची, देखरेख ग्रामपंचायतीची, आणि कबजा पुष्कळदां भूमिहीनाचा. मराठवाड्यांत गायरानाला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं 1959 मध्यें व पुन्हा 1964 मध्यें भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. 1990 पूर्वीचीं अशा कुटुंबांचीं अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनानें 1991 मध्यें घेतला. ज्या कुटुंबाची सगळी उपजीविका त्या दोन-तीन एकर मुरमावर आहे त्यास उठवून तेथें हरणांसाठीं गवत लावणें हें भूतदयेचें लक्षण नव्हे. सुदैवानें त्याची गरजही नाहीं. नांगराला न मानणारे खडकाळ उतार, पाझर तलावांच्या वरचे टप्पे, वनखात्याचीं झुडुपी रानें, अशी कसण्यास निरुपयोगी पण गवतास पुरेशी जमीन बालाघाटाच्या पायथ्याशीं अजून आहे. गवताला वीतभर माती पुरते. ज्वारीला पुरत नाहीं.

जागा निवडतांना आणखी दोन धोके पाहावे लागतात. कठडे नसलेल्या विहिरी हा पहिला. रात्रीं कुत्र्यांनीं पिटाळलेलें हरीण त्यांत पडतें. मोकाट कुत्रे हा दुसरा, आणि तो लांडग्याहून मोठा. लांडगा माळाचा जुना भागीदार आहे. कुत्र्यांच्या टोळ्या गांवच्या उकिरड्यावर पोसतात आणि खेळ म्हणून हरीण मारतात. म्हणून चाऱ्याचा तुकडा वस्तीपासून, सडकेपासून व उघड्या विहिरींपासून दूर असावा. आणि त्याच्या जवळ उतरतें कांठ असलेला उथळ पाणवठा असावा. अन्यथा चाऱ्याच्या आशेनें कळप गोळा करून तो कुत्र्यांच्या स्वाधीन केल्यासारखें होईल. शिरूर कासार तालुक्यांतील तागडगांव येथें जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणारें सर्पराज्ञी नांवाचें केंद्र आहे. असें केंद्र या दुष्काळी जिल्ह्यांत चालवावें लागतें यांतच पुष्कळ कांहीं आलें.

दुष्काळ या जिल्ह्यास नवा नाहीं. 1972 साल वृद्धांच्या स्मरणांत आहे. 2012-13 व 2015-16 हीं सालें तरुणांच्याही. माजलगांव धरणांत उपयुक्त पाणी उरलें नाहीं असेंही त्या शेवटच्या दुष्काळांत घडलें. 2019 च्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांत गुरांसाठीं शेंकडों चारा छावण्या उघडल्या होत्या. दावणीच्या गुरास नोंद असते, बिल्ला असतो, वैरणीचें माप असतें. हरणाची नोंद नाहीं, म्हणून छावणीही नाहीं. पण छावणींतील गुरांची वैरण ट्रकांतून दूरच्या जिल्ह्यांतून आणावी लागली, तीही गांवचें गवत गेल्यामुळेंच. हरणाचा चारा आणि गुरांचा चारा हे दोन प्रश्न नाहींत, आणि तुकडा राखावयास गांव तयार होईल तो याच जाणिवेनें होईल.

म्हणून असा तुकडा केवळ हरणांच्या नांवानें बंद ठेवूं नये. मुळींच न कापलेलें गवत जून होतें, दाटतें, आणि काळविटासही तें रुचत नाहीं. त्याला आंखूड, मोकळें गवत हवें असतें. कार्तिकांत बीं झडून गेल्यावर गवत पट्ट्यापट्ट्यानें कापावें, एक पट्टा कापून दुसरा उभा ठेवावा, आणि कापलेलें गवत गांवच्या गुरांना वांटून द्यावें. ज्याच्या गोठ्यांत तेथला भारा गेला तो माणूस वणवा दिसतांच धांवत जातो. दुसऱ्या वर्षापासून मेंढपाळांसही ठराविक दिवस मेंढ्या बसवूं द्याव्या. लेंडीखत पडतें आणि खुरांनीं बीं मातींत दाबलें जातें. पुढें वळिवाच्या पहिल्या सरीला कापलेल्या पट्ट्यांत कोवळें गवत फुटतें आणि कळप तेथें उतरतो; माद्या मात्र आपलीं नवजात पाडसें शेजारच्या उभ्या पट्ट्यांत दडवून चरावयास येतात, आणि दूध पाजण्यापुरत्या परत जातात.